त्याले सांग, समुद्र नाही सापडला

३ डिसेंबर

अन् मी चहा प्यायलेच गेलो होतो. यात खोटं काय आहे? नागपुरात गणपतरावच्या आरा मशीनवर कामाच्या चौथ्याच दिवशी माझ्या डोक्यात एवढी घरघर भरली होती का कोणी नाव घेऊन हाक मारली तरी लाकूड चिरल्यावानी ऐकू येत होतं. म्हणून मी म्हटलं, चहा पिऊन येतो. टपरीवर चेन्नईची संत्र्याची गाडी उभी होती. ड्रायव्हरचा क्लीनर पळाला होता. मी चढलो. चहा त्यानं गाडीतच पाजला. मग मी खोटं कुठं बोललो?

आज फोनवर आईनं पुन्हा तेच काढलं. "तू सांगून गेला असता तं एवढं झालं नसतं ना रे प्रज्वल." अवं, सांगूनच गेलो ना! चहाचं सांगून गेलो.

पण बाबांले कोण समजावंल. बाबांनी गणपतरावजवळ माझ्यासाठी शब्द टाकला होता. हातमाग बंद पडला, मागाचा खड्डा बुजवला, गोदामाची चौकीदारी केली, पण बाबनरावांनी कोणाजवळ शब्द टाकला नव्हता. आयुष्यात एक टाकला, तो मी चहात बुडवला. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे. तवापासून लकडगंजात गणपतराव दिसला का चार लोकांसमोर विचारते, "काय बाबनराव, आला का पोरगा चहा पिऊन?" म्हणून बाबांनी लकडगंजच सोडलं. नंदनवनातल्या घरून निघते, लकडगंजच्या चौकापर्यंत जाते अन् तिथून सायकल मागं वळवते. पलीकडे काही काम असलं तं अख्ख्या शहराले वळसा घालते.

अन् माझ्याशी बोलणं बंद. वर्षाले एकदा मार्बतीची मिरवणूक निघते; तशा दोन मार्बती निघून गेल्या, एक शब्द नाही. आमच्या घरात अबोला धरणं ही रीतच आहे. माझा आजा अन् त्याचा भाऊ एका खोलीत समोरासमोर दोन मागांवर बसत अन् मधात बसलेल्या पोराले सांगत, "त्याले सांग, सुताची कांडी संपली." तीन हाताचं अंतर. पोरगा जेवायले गेला का दोन्ही माग बंद. तसंच आता चालू आहे. आई फोन कानाले लावून बसते, बाबा भिंतीकडे पाहून बोलते, "त्याले सांग." मले भिंतीच्या आधी ऐकू येते, तरी आई सगळं पुन्हा सांगते.

माझा पैसाही बाबांले चालत नाही. घरात तूरडाळीचे दोन डबे आहेत, एक माझ्या पैशाचा अन् एक बाबांच्या. माझ्या तेलात तळलेला भजा ते खात नाही. पण आई म्हणते, कढईजवळ उभे राहून वास घेते.


७ डिसेंबर

आमच्या मालकीण मॅडमच्या डोक्यात नवीन खूळ.

चेन्नईहून सरकत मी ज्या सायकलच्या दुकानात लागलो, ते पाँडिचेरीत समुद्रापासून दोन गल्ल्या मागं, गोऱ्या लोकांच्या जुन्या वस्तीत. पिवळ्या भिंती, मोठे दरवाजे, भिंतीवरून लोंबणारी फुलं. टुरिस्ट लोक सायकल किरायानं घेते अन् फिरते. गाइड नाही. हँडलवर एक ठिपक्या-ठिपक्याचा चौकोन चिकटवला आहे. तो मोबाइलनं स्कॅन केला का कानात एक बाई इंग्रजीत सांगत राहते, आता डावीकडे, आता थांबा, आता पाहा. घंटाभराची चक्कर, शेवटी समुद्र. आपलं आपण फिरायचं.

या थंडीत मराठी लोक भरभरून येऊन राहिले. मॅडम म्हणे, "तू मराठी है ना? तू बोल."

मी आठवी नापास. इंग्रजीचा कागद मी उलटा धरला काय अन् सुलटा काय. आमचा पंक्चरवाला सेल्वम, त्याले इंग्रजी थोडं येते अन् हिंदी त्याहून थोडं. तो कागद वाचून मले हिंदीत सांगे, मी मराठीत बोले. रस्त्याचे हॉर्न येऊ नये म्हणून स्टोअरमध्ये चादर डोक्यावर घेऊन बसलो दोघं, मोबाइल मधात. कागदावर अर्धं पान लिहिलं होतं. सेल्वम म्हणे, "ये दीवार पीला है. बहुत पुराना. कोई बड़ा आदमी बनाया. मर गया."

मी म्हटलं, "एवढं मोठं लिहिलं आहे, अन् एवढंच?"

"बाकी सब उसका नाम है."

मग मी बोललो, "उजव्या हाताले पिवळी भिंत पाहा. लय जुनी आहे. ज्यानं बांधली तो मोठा माणूस होता, आता नाही. चला पुढं."


११ डिसेंबर

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं. काका, काकू. चक्कर मारून आले अन् काकू सरळ माझ्यासमोर उभ्या. "हे तुम्हीच बोललात का? 'मुकाट्यानं सरळ जा' असं कोणी पाहुण्यांना सांगतं का?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सांगतात."

"आणि चर्चपाशी 'पाहून घ्या, पुन्हा कोण येते' असं का म्हटलंत?"

"पुन्हा येणार आहात का?"

काका मागं हसून हसून लाल झाले होते. मॅडमले मराठी समजत नाही, ती फक्त चेहरे पाहते. काकांचा चेहरा पाहून तिनं मले पास केलं.

लिंक आईले पाठवली. म्हटलं, ऐक, तुझ्या पोराचा आवाज गोऱ्यांच्या गल्लीत फिरून राहिला.


१५ डिसेंबर

सकाळी आईचा फोन. आवाज असा का मले वाटलं घरात कोणी गेलं.

"प्रज्वल, काय पाठवलं रे तू ते?"

"माझा आवाज आहे तो. काहून?"

"तुझे बाबा त्याच्या मागं सायकल घेऊन गेले ना."

"कोणाच्या मागं?"

"तुझ्या आवाजाच्या."

झालं असं. आईनं चुलीजवळ मोबाइल ठेवून माझं लावलं. बाबा मोरीत मंजन करून राहिले होते. मोबाइलमधून मी बोललो, "चपला नीट घाला. सायकलवर बसा. घंटी वाजते का पाहा." बाबांनी चूळ भरली, चपला घातल्या, आईच्या हातातून मोबाइल घेतला, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलले बांधला अन् घंटी वाजवून निघाले. घरात मोबाइल तेवढा एकच. मग आई कोणाले फोन करंल? बसली दारात. दोन घंट्यांनी बाबा आले, ते तापून. भिंतीले म्हणे, "त्याले सांग, भिंत निळी हाय."

मी ओरडलो, "अवं आई, ते पाँडिचेरीचं आहे! नंदनवनाचं नाही!"

मागून आवाज आलाच. "त्याले सांग, डावा म्हणजे डावा असते. पाँडिचेरीत काय डावा उजव्या बाजूले राहते?"

आईनं सांगितलं, "डावा म्हणजे डावा असते म्हणते."

"ऐकलं मी!"

"अन् त्याले सांग, समुद्र नाही सापडला. नाला लागला."

हे सगळं काहून चालू आहे ते मले समजते. माझी चूक काढायची. इथं पाँडिचेरीत कोणाले सापडली नाही ती हे नंदनवनात बसून काढणार.


१६ डिसेंबर

आज पण गेले. त्याले सांग, जिथं चर्च सांगितलं तिथं पिठाची चक्की हाय. तू हात जोडा म्हणाला म्हणून जोडले, तं चक्कीवाला विचारते, दळण कुठं हाय.


१८ डिसेंबर

दोन दिवस डोकं गरम होतं. शेवटी म्हटलं, थांबा, दाखवतोच. लिंक एकच आहे, पण आवाज बदलता येते, मॅडमच्या भाचीनं शिकवलं आहे. चादर घेतली अन् नवीन बोललो. पिवळी भिंत काढली, निळी टाकली. चर्चच्या जागी चक्की. अन् चक्कीपाशी तांबडं कुत्रं आहे ते सायकलच्या मागं लागते, म्हणून "घंटी वाजवू नका, पाय वर घ्या" हे पण टाकलं. ते कुत्रं मी होतो तवा पण होतं.

संध्याकाळी आई म्हणे, "तुझे बाबा म्हणते, त्याले सांग, आज बरं होतं. कुत्र्याचं बरोबर सांगितलं."

मी त्या दिवशी दोन इडल्या जास्त खाल्ल्या. काहून ते माहीत नाही. चूक नाही निघाली म्हणून असंल.


१९ डिसेंबर

मरण.

इथल्या टुरिस्टांलेही तोच आवाज ऐकू जाते हे मी विसरलोच. कोल्हापूरचे चार जण सायकली घेऊन गेले अन् साऱ्या वस्तीत चक्की शोधत फिरले. एका दारावर टकटक केली, म्हातारी गोरी बाई आली. यांनी हातानं दळून दाखवलं. बाईनं आत जाऊन कॉफीचं यंत्र आणलं, यांच्यासमोर कॉफी दळली, पाजली, अन् फोटो काढून घेतला. परत आल्यावर त्यांचा म्होरक्या मले म्हणे, "भावा, चक्की घावली. कुत्रं बी घावलं, पण पांढरं हाय. चालतंय न्हवं?"

मी म्हटलं, चालते.

"पाय वर घेतलं बघ आम्ही. ते झोपलं हुतं, तरी घेतलं."

ते खूश होते. पण त्यांच्यानंतर नाशिकच्या एक शिक्षिका बाई गेल्या, त्यांनी निळी भिंत नाही म्हणून मॅडमजवळ सायकलचा किराया परत मागितला. मॅडमनं मले आत बोलावलं. म्हणे, एकतीस तारखेपर्यंत बघते. पुन्हा तक्रार आली तर मराठी बंद. अन् मराठी बंद तर तू पण बंद, सीझननंतर मले एकच माणूस लागते अन् तो सेल्वम आहे.


२२ डिसेंबर

आता सांगा. पाँडिचेरीचं खरं बोललो तं बाबा नाल्यात जाते. नंदनवनाचं खरं बोललो तं मी रस्त्यावर येतो.

सेल्वम ट्यूब घासत बसला होता. त्याले सगळं सांगितलं. तो म्हणे, "तेरा बाप उधर क्यों घूमता, इधर का रास्ता पे?"

"मेरे से बात नहीं करता."

"बात नहीं करता, तो सुनता क्यों?"

"गलती निकालने को."

"रोज?"

"रोज."

सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्यूबकडे पाहिलं, मग पुन्हा घासायले लागला. तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला. तमिळ येत नाही याचा कधी कधी फायदा आहे.

नंतर तोच म्हणे, "ऐसा बोल ना, जो दोनों तरफ सच हो. दीवार उधर भी है, इधर भी है."

आम्ही दुपारभर बसलो. मी एकेक गोष्ट सांगायची, सेल्वम विचारायचा, "नागपुर में है?" झालं तं ठेवायची, नाही तं काढायची. भिंत राहिली, रंग गेला. फुलं गेली, कारण बाबांच्या रस्त्यात फुलं नाहीत, एक कोरफडीचा डबा आहे. मोठा माणूस राहिला, त्याचं मरणं पण राहिलं. सगळ्यात जास्त वेळ समुद्रानं खाल्ला. सेल्वम म्हणे समुद्र काढ. मी म्हटलं, समुद्र काढला तं मॅडम मले काढंल. शेवटी असं झालं:

"चपला नीट घाला. मागून कोणी हाक मारली तं एकदा वळून पाहा, मग निघा. पहिल्या डाव्याले वळा. उजव्या हाताले भिंत लागंल. रंग मी सांगत नाही, तुम्हीच पाहा. ज्यानं बांधली त्याले वाटलं असंल, आपण लय दिवस राहू. पुढं एखादं दार उघडं असंल. आत पाहू नका. दिसलंच तं दिसू द्या. कुत्रं भेटलं तं पाय वर घ्या, नाही भेटलं तं तुमचं नशीब. आता उजवीकडे. आता मुकाट्यानं सरळ. कंटाळा आला का समजा अर्धं झालं. उतार लागला तं आता हळू. शेवटी समुद्र. समुद्र म्हणजे जिथून तुम्ही पुढं जात नाही. तिथं उतरा. चपला काढा. पायाखाली मऊ लागंल. पाच मिनिटं कोणी काही बोलू नका."

सेल्वमले मी हे हिंदीत करून सांगितलं. तो म्हणे, ये तो मंदिर में लगा सकते हैं.


२४ डिसेंबर

सांगलीचं एक जोडपं आलं. नवरा बँकेतून रिटायर, बायको त्याच्यावर पहिल्या मिनिटापासून चिडलेली. घंटाभरानं आले तं दोघं सायकली हातात धरून चालत, काहीच न बोलता. नवऱ्याचे डोळे ओले. माझे दोन्ही हात धरले. "तुमचे गुरू कोण?"

मी म्हटलं, "सेल्वम. पंक्चर काढते."

ते जाऊन सेल्वमच्या पाया पडले. सेल्वमच्या हाताले पंक्चरचं चिकट सोल्युशन लागलं होतं, त्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला तं त्यांचे चार केस निघाले.

मॅडमनं मले आज पहिल्यांदा तिच्या कपातला चहा दिला.


२६ डिसेंबर

बाबा रोज जाऊन राहिले, आई सांगते. सातले निघते, नवाच्या आत येत नाही. पण आता "त्याले सांग" नाही. मी तीन वेळा विचारलं, "काही म्हटलं का?" आई म्हणे काही नाही, गुपचूप जेवले. भिंत? काही नाही. कुत्रं? काही नाही. समुद्र सापडला का? तं आईनं विचारलं मागं वळून, अन् बाबा नुसते "हूं" म्हणाले.

हूं म्हणजे काय? चूक सापडत नसंल तं सांगावं तसं. माणसानं चांगलं काम केलं तं एक शब्द तोंडातून निघत नाही.

मग आई हळूच म्हणे, "त्यांच्या पँटच्या घडीत भुसा असते रे. लाकडाचा. रोज झटकते मी."

आलं ध्यानात. म्हातारपणी कुठंतरी सुताराकडे काम धरलं असंल. माझा पैसा खायचा नाही म्हणून या वयात रंधा मारून राहिले. मी आईले म्हटलं, विचार त्यांले, किती रोजी देते तो सुतार! आई म्हणे, "मी नाही विचारत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी शीळ घालून राहिले ते."

हं. रोजी चांगली असंल.


२९ डिसेंबर

सुतार नाही.

अंकुशचा फोन आला. अंकुश माझ्या वर्गातला, सकाळी नंदनवनात दुधाचे पाकीट टाकते. तो म्हणे, "अबे पज्या, तू काय जादू केली बे बाबांवर?"

"काहून?"

"पाच दिवसांआधी मी पाकीट टाकत होतो, अन् गल्लीतून तुझा आवाज येऊन राहिला. म्हटलं पज्या आला! पाहतो तं बाबा सायकलवर अन् तू हँडलवर. मी गेलो मागं मागं."

मग त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण माझा अजून भरोसा बसत नाही.

बाबा सरळ रस्त्यानं निघाले ते लकडगंजच्या चौकात आले. जिथून ते नेहमी मागं वळते तिथं. थांबले. हँडलवरून मी म्हटलं, समुद्र म्हणजे जिथून तुम्ही पुढं जात नाही. बाबांनी मले थांबवलं अन् मागून पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. अंकुश म्हणे चार वेळा ऐकलं असंल. मग सायकलवरून उतरले, सायकल हातात धरून चौक ओलांडला, अन् सरळ गणपतरावच्या आरा मशीनच्या फाटकातून आत.

गणपतराव लाकडाच्या ओंडक्यावर बसून हिशेब सांगून राहिला होता. पाहिलं अन् उठला. "अरे! कोण दिसून राहिलं! बाबनराव! काय, आला का पोरगा चहा..."

बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "चूप. पाच मिनिटं बोलाचं नाही."

"कोण म्हणते?"

"पोरगा म्हणते." अन् हँडलवरचा मोबाइल दाखवला.

अंकुश म्हणे, बाबांनी सायकल स्टँडले लावली, चपला काढल्या अन् भुश्याच्या ढिगात पाय घालून बसले. घोट्यापर्यंत. गणपतराव पाहत राहिला. त्याच्या आरा मशीनची घरघर चालू. अन् मग, म्हणे, गणपतरावनं हात वर केला. मशीन बंद. त्याच्या बापाच्या तेरवीलेही जी मशीन बंद झाली नव्हती, ती. जोडे काढले, बाबांच्या बाजूले भुश्यात पाय घालून बसला. सारे मजूर उभे. कोणी खोकलं पण नाही.

पाच मिनिटांनी गणपतराव म्हणे, "कुठून बोलते तो?"

"समुद्राजवळून."

"बोलते बरा."

"रस्ता बरोबर सांगते," बाबा म्हणाले.

"चहा सांगू का?"

"सांगा."

"इथंच मागवतो बाबनराव. तुमच्या घरचे प्यायले बाहेर गेले का लवकर येत नाही."

अन् दोघं हसले. अंकुश आईची शपथ घेऊन सांगते, बाबा हसले. आता रोज सकाळी ते तिथं जाते, पाच मिनिटं मशीन बंद राहते, अन् मजूर पण भुश्यात पाय घालून बसते. एक जण म्हणे गुडघ्याले फरक पडून राहिला.

मी फोन ठेवला अन् मले सगळं साफ दिसलं. दोघं म्हातारे एक झाले. आता चहा पिऊन ठरवत असंल, पोराले परत आणायचं अन् मशीनवर उभं करायचं. म्हणूनच "हूं". म्हणूनच शीळ. माझ्याच आवाजानं मले फसवून राहिले! इथं मॅडमनं कालच सांगितलं का तुझं पक्कं, अन् तिथं हे.

मी आता आईच्या मार्फत बोलणार नाही. सकाळी मोबाइल हँडलवर असते. तवाच लावतो अन् सरळ सांगतो.


३१ डिसेंबर

लावला. वाजला अन् कटला. पुन्हा लावला. पुन्हा कटला. तिसऱ्यांदा लावला, वाजत राहिला, अन् मग धाडकन आवाज, काहीतरी सांडलं, एक बाई ओरडली, अन् मग फोनमध्ये:

"आवाज काहून बंद केला बे?"

मी मोबाइल कानापासून काढून नंबर पाहिला. आईचाच होता. आवाज बाबांचा. भिंत नाही, आई नाही, त्याले सांग नाही.

"बाबा?"

"उताराले होतो मी. तू 'आता हळू' म्हणणार होता तिथं, तं मधातच घंटी वाजवली. बोट लावून कटवली तं पुन्हा वाजवली. ब्रेक लागले नाही. गाजराच्या ठेल्यात गेलो."

"लागलं का?"

"गाजरांले लागलं."

मागून ती बाई म्हणून राहिली होती, "दादाजी, हे सारे उचला, हे कोण घेईल आता?" बाबा तिले म्हणे, "थांब वं माय, पोरासंग बोलून राहिलो."

पाठ केलेलं होतं तेच बोललो. "बाबा, मी आधीच सांगतो. गणपतरावकडे मी येणार नाही. तुमचं जमलं असंल, पण मी येणार नाही."

"तुले कोण बोलावून राहिलं?"

"तुम्हीच. दोघं."

"अन् तू इकडे आला तं तिथून कोण बोलंन?"

तिकडून चेनची कटकट येत होती, चाक हातानं फिरवून पाहत असंल.

मग म्हणे, "ब्रेकचे रबर गेले दोन्ही. अन् सळ्या जुन्या झाल्या, बदलाव्या लागते. तीनशे चाळीस म्हणते दुकानवाला."

"आता पडले अन् आता विचारलं पण?"

"परवाच विचारून ठेवलं होतं."

"मग परवा काहून नाही केले?"

त्यांनी एकदा घंटी वाजवून पाहिली. म्हणे, "तू पाठव. एक रुपया जास्त पाठवू नको, वापस करीन. अन् आता ठेव. माझं अर्धं राहिलं हाय."

ठेवला.

आता घ्या. दोन मार्बती माणूस तोंड उघडत नाही, अन् उघडते ते कशाले, तं पैसे मागायले. बाकी काही नाही, जेवला का नाही, थंडी आहे का नाही, काही नाही. सरळ ब्रेकचे रबर. सेल्वमनं विचारलं, क्या बोला बाप? मी म्हटलं, पैसा माँगता है. तं तो मूर्ख जोरात हसला, माझ्या पाठीवर काळा पंजा उठंल अशी थाप मारली अन् दुकानातल्या सगळ्यांले तमिळमध्ये सांगत सुटला. काही जण येऊन माझा हात हातात घेऊन गेले. हे लोक कशावर खूश होतील सांगता येत नाही.

महिन्याचे आईले पाठवायचे ते उद्या पाठवीन, ते वेगळे. हे आजच. आईच्या नंबरवर पाठवताना खाली लिहायची जागा असते, तिथं लिहिलं "बाबांसाठी". मग वाटलं बाबा वाचून वापस करते का काय, म्हणून खोडून "ब्रेक" लिहिलं. आकडा सेल्वमकडून दोनदा तपासून घेतला.

पाठवले. तीनशे चाळीस रुपये.